गेजवरचा शून्य आणि हवेचा खरा दाब: बॉइलचा नियम स्वतःच्या हाताने पडताळण्याची पद्धत

संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चरच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ थांबले, तर "मागच्या चाकात तीस पॉइंट टाका" असे वाक्य हमखास कानावर पडते. चाक पूर्ण बसलेले असेल, तर गेजचा काटा शून्यावर असतो आणि त्या चाकात हवाच नाही असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बसलेल्या टायरमध्येही हवा असते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. गेज केवळ आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा किती जास्त आहे, एवढेच सांगतो. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. मात्र वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दहापैकी आठ चुका याच ठिकाणी होतात, असा माझा अनेक वर्षांच्या शिकवण्यातला अनुभव आहे.

गावाकडच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी होऊन अकरावी विज्ञानासाठी लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला आलेल्या मुलामुलींना हा नियम पहिल्या काही महिन्यांतच भेटतो आणि बहुतेकदा एका ओळीच्या सूत्राच्या रूपातच भेटतो. सूत्र पाठ होते, उदाहरणेही सुटतात, पण ज्या हवेबद्दल हे सगळे चालले आहे ती हवा हाताला लागत नाही. म्हणून या लेखात मेडिकलच्या दुकानात मिळणारी सिरिंज, ज्वारीच्या पिशव्या, गवंड्याकडचा लेव्हल पाइप आणि शेतातली विहीर एवढ्या साहित्यावर हा नियम कसा पडताळावा आणि कसा वापरावा, हे क्रमाने मांडले आहे.

प्रथम नियम नीट समजून घेऊ. ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे तापमान बदलू दिले नाही, तर त्याचा दाब आणि त्याचे आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, म्हणजेच दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो, आकारमान एक तृतीयांश केले की दाब तिप्पट होतो. याचे कारण असे, की वायूचे रेणू भांड्याच्या भिंतींवर सतत आदळत असतात आणि या आदळण्यालाच आपण दाब म्हणतो. तापमान तेच असल्यामुळे रेणूंचा सरासरी वेग तोच राहतो, परंतु जागा निम्मी झाल्यामुळे भिंतीच्या तेवढ्याच भागावर ते दुप्पट वेळा आदळतात.

या विधानात तीन अटी दडलेल्या आहेत आणि पुढचा प्रत्येक प्रयोग त्यांच्यावरच उभा आहे. वायूचे वस्तुमान कायम हवे, म्हणजे हवा गळता कामा नये आणि आतही येता कामा नये. तापमान कायम हवे. आणि दाब मोजायचा तो पूर्ण दाब, बाहेरच्या हवेच्या दाबासकट. तिसरी अट पुस्तकात वेगळी लिहिलेली नसते, त्यामुळे तीच सर्वांत जास्त मोडली जाते.

पहिली पायरी म्हणून आपल्या गावच्या हवेचा दाब किती आहे, हे ठरवावे लागते. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ, असे पुस्तकात असते आणि विद्यार्थी तोच आकडा सर्वत्र वापरतात. पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल भरतो. गोदावरीच्या काठावरचे नांदेड बरेच खाली, सुमारे ३६० मीटरवर आहे, तेथे तो ९७ च्या आसपास असतो. ऋतूनुसार यात एखाद्या किलोपास्कलचा फरक पडतो, तो आपल्या कामाला बाधक नाही. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा १००५ किंवा १०१२ हेक्टोपास्कलचा (म्हणजे १००.५ किंवा १०१.२ किलोपास्कलचा) आकडा हा सहसा समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला असतो, कारण हवामानाच्या नकाशावर वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करायची असते. तो आपल्या अंगणातला दाब नव्हे. तो आकडा घेऊन प्रयोगाला बसलात, तर सुरुवातीलाच सहा-सात टक्क्यांची चूक हिशेबात शिरते. पुढील सर्व उदाहरणांत मी ९५ किलोपास्कल हा संभाजीनगर परिसराचा आकडा धरला आहे, आपण आपल्या गावाचा धरावा.

दुसरी पायरी सिरिंजची. मेडिकलमधून २० मिलिलिटरची नवी सिरिंज घ्यावी आणि सुई लगेच वेगळी करून सुरक्षित टाकून द्यावी. वापरलेली सिरिंज कोणत्याही कारणाने घेऊ नये. दट्ट्या २० च्या खुणेवर ठेवून पुढचे निमुळते तोंड घट्ट बंद करावे. त्यासाठी एम-सीलचा लहानसा गोळा नीट मळून तोंडावर दाबून बसवावा आणि तो रात्रभर वाळू द्यावा. वाळल्यावर गळतीची परीक्षा घ्यावी. दट्ट्या अर्ध्यापर्यंत दाबून पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवावे आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. मग हात सोडल्यावर दट्ट्या पुन्हा २० च्या जवळ येतो का, तेही पाहावे. बुडबुडे येत असतील, तर पुढचे काहीही करू नये, कारण पहिली अटच मोडलेली असते.

आता दट्ट्यावर वजन ठेवल्यावर दाब किती वाढतो ते काढायचे आहे, आणि त्यासाठी दट्ट्याचे क्षेत्रफळ हवे. व्यास मोजण्यासाठी सिरिंज कापण्याची गरज नाही. सिरिंजवरच्या शून्यापासून २० पर्यंतच्या खुणांची लांबी पट्टीने मोजावी. माझ्या सिरिंजवर ती ६.६ सेंटिमीटर भरली. २० मिलिलिटर म्हणजे २० घन सेंटिमीटर, त्याला ६.६ ने भागले की ३.०३ चौरस सेंटिमीटर हे क्षेत्रफळ मिळते. एक किलो वजनाचे बल ९.८ न्यूटन. ते ३.०३ चौरस सेंटिमीटरवर पडले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३.२३ न्यूटन येतात, आणि एक चौरस सेंटिमीटरवर एक न्यूटन म्हणजे १० किलोपास्कल असल्यामुळे ही वाढ ३२.३ किलोपास्कल होते. थोडक्यात, या सिरिंजवर प्रत्येक किलोमागे ३२.३ किलोपास्कल मिळवायचे. आपल्या सिरिंजचा आकडा वेगळा येईल, म्हणून मोजमाप स्वतः करावे.

सिरिंज उभी धरण्यासाठी लाकडी ठोकळ्याला छिद्र पाडून त्यात ती घट्ट बसवावी. दट्ट्याच्या वरच्या चकतीवर पातळ फळीचा लहान तुकडा चिकटवावा आणि त्यावर एकेक किलोच्या पिशव्या ठेवाव्यात. किराणा दुकानात ज्वारी एक-एक किलो मोजून बांधून घेतली, तर वजनमापे शोधण्याचा त्रास वाचतो आणि पिशवी फळीवर पसरून बसते, घसरत नाही. तरीही एकाने हात जवळ ठेवावा.

घर्षण ही या प्रयोगातील खरी अडचण आहे. रबरी दट्ट्या नळीला चिकटून असतो, त्यामुळे वजन ठेवल्यावर तो जेथे जायला हवा तेथे जात नाही, आधीच थांबतो. यावरचा उपाय असा, की प्रत्येक वजनाला दोन वाचने घ्यावीत. एकदा दट्ट्याला किंचित वर ओढून हलकेच सोडावे आणि तो खाली येत थांबला की वाचन घ्यावे. दुसऱ्यांदा तो किंचित खाली दाबून सोडावा आणि वर येत थांबला की वाचन घ्यावे. घर्षण पहिल्या वेळी एका दिशेने आणि दुसऱ्या वेळी उलट दिशेने फसवते, म्हणून दोहोंची सरासरी खऱ्या आकारमानाच्या बरीच जवळ येते. दोन किलोला मला एका बाजूने १२.७ आणि दुसऱ्या बाजूने ११.२ मिलिलिटर असे वाचन मिळाले, सरासरी ११.९५. दोन वाचनांच्या मध्ये आणि प्रत्येक नव्या वजनानंतर अर्धा मिनिट थांबावे. का, ते पुढे येईल.

सरासरी वाचने अशी येतात: वजन नसताना २०, एका किलोला १४.९, दोन किलोला सुमारे ११.९, तीन किलोला ९.९ मिलिलिटर. येथे थांबून वहीत दोन हिशेब शेजारी शेजारी लिहावेत. पहिल्या हिशेबात दाब म्हणून फक्त वजनाचा दाब घ्यावा: ३२.३, ६४.६ आणि ९६.९. आकारमानाशी गुणाकार केला की ४८१, ७६९ आणि ९५९ असे आकडे येतात, ते कोठेही स्थिर नाहीत, आणि वजन नसतानाचा गुणाकार तर शून्य येतो. दुसऱ्या हिशेबात प्रत्येक ठिकाणी हवेचे ९५ मिळवावेत. दाब होतात ९५, १२७.३, १५९.६ आणि १९१.९, तर गुणाकार १९००, १८९७, १८९९ आणि १९००. मी स्वतः अकरावीत असताना पहिलाच हिशेब केला होता. आकडे जुळत नव्हते आणि "प्रायोगिक त्रुटी" असे लिहून वही तपासायला द्यावी लागली होती. ती प्रायोगिक त्रुटी नव्हती, आमच्या डोक्यावरची हवा मोजायचीच राहून गेली होती. म्हणूनच हे दोन्ही हिशेब प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावेत असा माझा आग्रह असतो.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यातही हेच दिसते. एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला खूप लांब अशी वळवलेली काचेची नळी घेऊन तिच्यात पारा ओतत जायचे आणि बंद बाजूला कोंडलेल्या हवेचे आकारमान मोजायचे, अशी त्याची रीत होती. नळी इतकी उंच होती, की ती खोलीत मावेना आणि प्रयोग जिन्यात करावा लागला. सुरुवातीला हवा ४८ भाग होती, तेव्हा पाऱ्याच्या दोन्ही पातळ्या सारख्या होत्या, आणि तरीही बॉइलने दाबाच्या रकान्यात शून्य लिहिला नाही. त्याने हवेच्या दाबाचे २९ पूर्णांक २/१६ इंच लिहिले. हवा १२ भागांवर आली, तेव्हा ओतलेल्या पाऱ्याचा स्तंभ ८८ पूर्णांक ७/१६ इंच होता. त्यात २९ पूर्णांक २/१६ मिळवून त्याने ११७ पूर्णांक ९/१६ असा दाब धरला. आता ४८ गुणिले २९.१२५ म्हणजे १३९८, आणि १२ गुणिले ११७.५६ म्हणजे सुमारे १४११. फरक एका टक्क्याहून कमी आहे. मिळवणीचा तो रकाना नसता, तर नियम त्या आकड्यांत दिसलाच नसता. फ्रान्समध्ये एडम मारिओतने पुढच्या काळात याच निष्कर्षावर स्वतंत्रपणे येऊन तापमान कायम राहिले पाहिजे ही अट स्पष्ट मांडली, म्हणून तिकडे हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो.

ज्यांना आलेख काढण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी सिरिंजच्या आकड्यांत आणखी एक सुंदर गोष्ट आहे. उभ्या अक्षावर फक्त वजनाचा दाब आणि आडव्या अक्षावर आकारमानाचा व्यस्त, म्हणजे १ भागिले आकारमान, असा आलेख काढावा. बिंदू एका सरळ रेषेत येतात, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. पट्टी लावून ती मागे वाढवली, तर ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली ९५ च्या जवळ छेदते. हा आपल्या गावच्या हवेचा दाब. दवाखान्यातल्या साध्या सिरिंजने आणि तीन किलो ज्वारीने तो पाराही न वापरता मोजता येतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

टायरचा हिशेब आता सहज होतो. गेजवरचे ३० पॉइंट म्हणजे प्रत्येक चौरस इंचाला ३० पौंड, हे २०७ किलोपास्कल होतात. त्यात ९५ मिळवून खरा दाब ३०२. टायरची आतली जागा ८ लिटर धरली, तर त्यातली हवा बाहेरच्या दाबाला आणल्यावर ८ गुणिले ३०२ भागिले ९५, म्हणजे सुमारे २५.४ लिटर जागा व्यापेल. गेजचाच आकडा वापरला असता, तर उत्तर १७.४ आले असते. फरक बरोबर ८ लिटरचा आहे, म्हणजे बसलेल्या टायरमध्ये आधीपासून असलेली आणि गेजने न मोजलेली हवा.

तिसरी पायरी तापमानाची आहे. सायकलचा पंप जोरात मारला की त्याची नळी खालच्या बाजूला चटका बसण्याइतकी तापते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. हवा झटकन दाबली, की दाबण्यासाठी केलेले कार्य उष्णतेच्या रूपाने हवेतच राहते, तिचे तापमान वाढते आणि दाब बॉइलच्या नियमाने सांगितल्यापेक्षा जास्त होतो. हीच हवा सावकाश दाबली, तर उष्णता नळीच्या भिंतीतून बाहेर निघून जायला अवधी मिळतो. सिरिंजला प्रत्येक वजनानंतर अर्धा मिनिट थांबायचे ते यासाठीच, आणि याच कारणाने सिरिंज मुठीत धरू नये, उन्हातही ठेवू नये. उलट टोकाचे उदाहरण शेतात रोज घरघरते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हवा साधारण सतराव्या हिश्शापर्यंत क्षणार्धात दाबली जाते. तापमान कायम राहिले असते, तर दाब सतरापट झाला असता, पण तो त्याहून कितीतरी जास्त होतो. हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच, ठिणगीशिवाय, डिझेल पेट घेते.

घरगुती गॅसच्या सिलिंडरला हा नियम लावू नये, एवढे येथेच सांगून टाकतो. त्यात बहुतांश द्रव असतो आणि गॅस वापरला जाईल तशी द्रवाची वाफ होत राहते, त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. वस्तुमान कायम ही अट तेथे सुरुवातीलाच मोडते.

चौथी पायरी म्हणजे नियमाचा उपयोग, आणि मराठवाड्यात तो विहिरीपेक्षा जवळचा कोठे सापडणार? दिवाळीनंतर विहिरीत किती पाणी उरले आहे, यावर रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात. ती खोली एका टोकाला बंद असलेल्या नळीने मोजता येते. नळी तोंड खाली करून पाण्यात सोडली, की जितकी ती खोल जाईल तितकी आतली हवा आकसते आणि पाणी नळीत वर चढते. किती चढले ते कळले, की खोली कळली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८७० च्या दशकात जहाजांसाठी समुद्राची खोली मोजण्याचे यंत्र याच तत्त्वावर केले होते. काचेच्या नळीला आतून सिल्व्हर क्रोमेटचा लेप दिलेला असे आणि समुद्राचे खारे पाणी जेथवर चढले, तेथवर त्याचा रंग बदलत असे. आपल्याकडे त्या लेपाचे काम कोरडा गुलाल करतो.

गवंडी पातळी मिळवायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप एक मीटरहून थोडा जास्त घ्यावा. एका टोकाने चिमूटभर कोरडा गुलाल फुंकून आत पसरवावा आणि जास्तीचा झटकून काढावा, म्हणजे आतून पातळ थर चिकटून राहतो. मग एक टोक मेणबत्तीवर मऊ करून पकडीने दाबून बंद करावे. आतली मोकळी लांबी बरोबर १०० सेंटिमीटर राहील अशा बेताने दुसरे टोक कापावे. ही नळी सव्वा मीटर लांबीच्या लोखंडी सळईला, बंद टोक वर आणि उघडे तोंड खाली येईल अशी, चार-पाच ठिकाणी बांधावी. तोंड सळईच्या खालच्या टोकापेक्षा वीतभर वर ठेवावे, नाहीतर ते गाळात रुतते. पाण्याच्या दाबाने मऊ पाइप चेपेल अशी शंका अनेकजण घेतात, पण तोंड उघडे असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखाच राहतो आणि पाइप चेपत नाही. सळईच्या वरच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधावी. कठडा नसलेल्या विहिरीवर हे काम एकट्याने करू नये, आणि मुलांनी तर मोठ्या माणसाशिवाय काठाशी जाऊच नये.

सळई सावकाश आणि उभी सोडावी. पाण्यात शिरताना ती तिरपी झाली, तर नळीतून बुडबुडा निसटतो आणि वायूचे वस्तुमान बदलते. तळाला टेकल्यावर दोन मिनिटे थांबून सळई वर काढावी. वर येताना हवा पुन्हा फुगते आणि पाणी ढकलून बाहेर टाकते, पण गुलाल जेथवर भिजला तेथवर गडद झालेला स्पष्ट दिसतो. कोरड्या भागाची लांबी मोजावी.

हिशेब असा आहे. संभाजीनगर परिसरात ९५ किलोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे ९.७ मीटर उंचीचा स्तंभ. पूर्ण लांबीला कोरड्या लांबीने भागावे, त्यातून १ वजा करावा आणि ९.७ ने गुणावे. हे उत्तर नळीच्या आत चढलेल्या पाण्याच्या पातळीची खोली सांगते. नळीचे तोंड त्याहून भिजलेल्या लांबीइतके खाली असते, म्हणून तेवढी लांबी मिळवावी. कोरडा भाग ६७.५ सेंटिमीटर आला असेल, तर १०० भागिले ६७.५ म्हणजे १.४८१, त्यातून १ वजा केल्यावर ०.४८१, गुणिले ९.७ म्हणजे ४.६७ मीटर. भिजलेला भाग ३२.५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ५ मीटर. गाळापासून तोंड वीतभर वर होते, ते हवे असल्यास आणखी मिळवावे.

आमच्या शेजारच्या शेतातले एक काका पहिल्या दिवशी काठावर उभे राहून हे पाहत होते. "दोरीनं बी मोजता येतंय की सर, मग ह्या नळीचा येवढा कुटाणा कशाला?" असे त्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न योग्यच होता. मी म्हणालो, "काका, दोरीनं मोजूच. दोन्ही उत्तरं जुळली, तर नळी खरं बोलते हे तुमच्यासमोर ठरेल." पाण्याच्या पृष्ठभागापासून दोरीने ५ मीटर भरले आणि नळीने सांगितले ५.७. हे मे महिन्यातल्या दुपारी घडले. हवा ४२ अंश, विहिरीचे पाणी २७ अंश. नळीतली हवा पाण्यात जाताच १५ अंशांनी थंड झाली आणि दाब वाढण्याआधीच साडेचार-पाच टक्क्यांनी आकसली. ती सगळी आकस आम्ही खोलीच्या नावावर मांडली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, हवा आणि पाणी यांचे तापमान जवळपास सारखे असताना, नळीत नवा गुलाल भरून तीच सळई पुन्हा सोडली, तेव्हा दोरी आणि नळी यांत बोटभर फरक राहिला. काकांनी पहाटेचा आकडा स्वतःच्या दोरीला गाठ मारून नोंदवून ठेवला. तेव्हापासून मी या मापासाठी पहाटेचीच वेळ सांगतो. दुपारी मोजायचेच असेल, तर विहिरीच्या पाण्याचे चार-पाच तांबे नळीवर बाहेरून ओतून, तोंड उघडे ठेवून, ती आधी थंड करून घ्यावी.

एकदा हे जमले, की दर वेळी भागाकार करण्याची गरज उरत नाही. सळईवर नळीच्या तोंडापासून वर रंगाने कायमच्या खुणा कराव्यात: २ मीटर खोलीसाठी १६ सेंटिमीटरवर, ४ मीटरसाठी २७.७ वर, ६ मीटरसाठी ३६.७ वर आणि ८ मीटरसाठी ४३.८ वर. खुणांमधली अंतरे १६, ११.७, ९ आणि ७ अशी कमी होत जातात. म्हणून उथळ पाण्यात ही नळी बोटभर फरकही दाखवते, तर दहा मीटरच्या पुढे खुणा इतक्या जवळ येतात, की तेथे दोन मीटर लांबीची नळी घेऊन खुणा नव्याने काढाव्यात.